आमच्या टीव्हीवर जाहिरात दिसत नाही!

आमच्या घराला चार भिंती आहेत आणि त्यातली पूर्वेकडची दर उन्हाळ्यात कपाशीच्या बियाण्याची असते.

घर पांढरकवड्याच्या अलीकडे, हायवेच्या ऐन वळणावर. हैदराबादकडे निघालेला प्रत्येक ट्रक आधी आमच्या भिंतीकडे बघतो आणि मग रस्त्याकडे वळतो. त्यामुळे पेरणीच्या आधी बियाणं कंपनीचा नामदेव पेंटर मोटारसायकलला शिडी बांधून येतो आणि माझ्या सासूबाई ओट्यावर पाट टाकून बोलणी करायला बसतात. त्यांचा नियम एकच: जाहिरातीची एक भिंत पाहिजे असेल तर उरलेल्या तीन फुकट रंगवून द्यायच्या. एका वर्षी त्यांनी भिंतींसोबत पाण्याची टाकी, संडासाचं दार आणि बकरीचा खुंटासुद्धा रंगवून घेतला. (बकरी आठवडाभर हिरवी फिरत होती!) नामदेव कुरकुरला तर म्हणाल्या, "उरला रंग काय कंपनी पिते?"

म्हणजे जाहिरात या विषयातला तज्ज्ञ माणूस घरातच होता. पण मी त्यांना विचारते कशाला! मी जिल्हा परिषदेच्या शाळेत बावीस वर्षं शिकवणारी बाई. चूक दिसली की लाल पेन काढायचा आणि सल्ला आला की दुर्लक्ष करायचं, हा माझा स्वभाव.

त्या मे महिन्यात माझी लेक अश्विनी जिल्ह्याच्या मुलींच्या कबड्डी संघातून खेळत होती आणि संघ चक्क राज्याच्या अंतिम सामन्यात पोचला. पोरीच्या खेळाला घरात एकच माणूस पहिल्यापासून राजी होता, तो म्हणजे सासूबाई. दहावीचं वर्ष म्हणून मी पायात बेड्या घालायला निघाले होते, तेव्हा ह्याच बाई रोज सकाळी नातीला मैदानावर घेऊन जायच्या आणि रेषेबाहेर तिच्या चपला सांभाळत बसायच्या. आता गुडघे धरले होते, प्रवास जमणार नव्हता. त्यांनी एवढंच सांगितलं, "तिची पयली चढाई मी पाह्यली. हे फायनलची बी मले पाहाची हाये."

सामना एका अ‍ॅपवर थेट दिसणार होता. मी टीव्हीच्या मागे खोचायची, पडद्यावर अ‍ॅप दाखवणारी ती डबी मागवली. डबीचे पैसे भरले, अ‍ॅपचे वेगळे भरले आणि पिठाच्या गिरणीवर जाहीर केलं, "आमच्या टीव्हीवर जाहिरात दिसत नाही! पैसे भरलेत आम्ही!"

डबी लावली. टीव्ही सुरू झाला. आणि पडद्याचा वरचा दोनतृतीयांश भाग व्यापून एक केस मोकळे सोडलेली, पांढरीफटक बाई आमच्याकडे टक लावून बघू लागली. कुठल्याशा भुताच्या मालिकेची जाहिरात! नुसती बघत होती तोवर ठीक. तिला घालवायला म्हणून मी रिमोटचं वरचं बटण दाबलं, तर जाहिरातीला आवाज फुटला आणि ती किंचाळली. सासूबाईंच्या हातातलं तांदळाचं सूप थेट पंख्याला लागलं.

"कोन हाये हे?"

"जाहिरात आहे, आई."

"तू तं म्हनली पैसे भरले."

"भरले ना!"

"मंग भित आपली, रंगाचे पैसे आपले, अन् जाहिरात त्याईची? अन् आपल्याले काय? कपायावर तांदूय?"

मी डबीच्या कंपनीला फोन लावला. पलीकडचा पोरगा फार गोड बोलत होता. "मॅडम, ती जाहिरात नाहीये. ती तुमच्या आवडीनुसार केलेली शिफारस आहे."

"माझ्या आवडीनुसार भूत?"

सासूबाईंनी फोन ओढून घेतला. "जयभीम, बाबू. हे पाह्य, आमची भित रंगवाची असन तं पेंटर पाठवा लागते. बोलनी करा लागते. तू तं इचारलं बी नाही. आता एक काम कर, घराले चुना मारून दे."

पोरगा म्हणाला, "आजी, तुमची तक्रार नोंदवून घेतो."

तक्रार नोंदवली गेली, भूत हललं नाही. मग माझ्यातली शिक्षिका जागी झाली. कूलरच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला, पट्टीनं मापून कापला आणि पडद्याच्या वरच्या कडेला चिकटपट्टीनं अडकवला. खाली सोडला की भूत झाकलं जायचं आणि खालची अ‍ॅपची रांग तेवढी दिसायची. अ‍ॅप सुरू झालं की पुठ्ठा झडपेसारखा वर उचलायचा आणि कॅलेंडरच्या खिळ्याला कपड्याच्या चिमट्यानं टांगायचा. इतका साधा उपाय! कंपनीच्या एकाही इंजिनिअरला सुचला नव्हता.

सासूबाईंनी पुठ्ठ्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "कोरी भित बरी नाई दिसत."

आणि त्यांनी बाहेर शिडीवर असलेल्या नामदेवला आत बोलावलं!

नामदेवनं पुठ्ठ्यावर ऑइलपेंटनं ठळक लिहिलं, "कु. अश्विनी हिला अंतिम सामन्यासाठी हार्दिक शुभेच्छा!" (सवयीनं कोपऱ्यात कपाशीचं बोंडही काढलं.) खाली लिहिलं, "शुभेच्छुक." आता शुभेच्छुक म्हटल्यावर गाव मागे राहतं का! एकेक जण येऊन आपलं नाव घालायला सांगू लागला आणि सासूबाईंनी पाट टाकला. नाव पाहिजे तर खुर्च्या आण. तुझं मोठ्या अक्षरात पाहिजे? मग भजे आण, सगळ्यांना पुरतील इतके. पिठाच्या गिरणीवाल्यानं स्वतःचा फोटोच काढायची गळ घातली, त्याच्याकडून त्यांनी सामन्यापुरता इन्व्हर्टर मागून घेतला. संध्याकाळपर्यंत पुठ्ठ्यावर रंगाचे तीन थर चढले होते. मी म्हटलं, "आई, आपण जाहिरात घालवायला निघालो होतो ना?"

"त्याईची घालवाले निघालो होतो," त्या म्हणाल्या. "हे आपली हाये."

सामन्याच्या दिवशी दुपारी चार वाजता आमच्या बारा बाय दहाच्या खोलीत निदान पन्नास माणसं होती. सासूबाई सगळ्यांच्या पुढे, नातीच्या जुन्या चपला मांडीवर घेऊन. (शकुन म्हणून. कुणी हसलं नाही.) मी चिमटा लावून पुठ्ठा वर टांगला आणि सामना सुरू झाला.

काय खेळल्या पोरी! अश्विनीनं एकेका चढाईत दोन-दोन जणींना बाद केलं. खोलीतले लोक भजे हातात धरून ओरडत होते. शेवटचं मिनिट आलं. गुण बरोबरीत. शेवटची चढाई अश्विनीची! पोरगी मधल्या रेषेवर आली, जमिनीला हात लावला, कपाळाला लावला. खोलीत टाचणी पडली तरी ऐकू आली असती.

टाचणी नाही, पुठ्ठा पडला.

मेचं ऊन, पन्नास माणसांचा उबारा आणि ऑइलपेंटचे तीन थर! चिमटा सुटला आणि सगळे शुभेच्छुक धाडकन पडद्यावर आले. पुठ्ठ्याच्या मागे अश्विनी "कबड्डी, कबड्डी" म्हणत होती आणि पुढे आम्ही गिरणीवाल्याचं नाव वाचत होतो.

"उचला! उचला!" लोक ओरडले. मी झेप घेतली. एका हातात रिमोट, दुसऱ्या हातानं पुठ्ठा वर. तो वर गेला, पण अंगठा भलत्याच बटणावर दाबला गेला आणि सामना जाऊन होम स्क्रीन आली. भूत! घाबरून मी वरचं बटण दाबलं. भूत किंचाळलं. पहिल्या रांगेतल्या तिघी मागच्या रांगेच्या मांडीवर गेल्या. मी परत अ‍ॅपमध्ये शिरले तोवर पोरी एकमेकींच्या गळ्यात पडून नाचत होत्या आणि अश्विनी खांद्यावर होती.

जिंकलो होतो! बाहेर फटाके लागले, नामदेवनं रंगाचा डबा ढोलासारखा बडवला. नाचलो आम्ही सगळे. फक्त सासूबाई जागच्या हलल्या नाहीत.

"सुटली कशी थे?" त्यांनी विचारलं. "धरलं होतं का तिले?"

कुणालाच माहीत नव्हतं.

"सारी मॅच पाह्यली मी, मास्तरीनबाई," त्या हळूच म्हणाल्या. "अन् ज्याच्यासाठी बसलती, थेच नाई पाह्यलं." त्यांनी चपला पदरानं पुसल्या आणि आत गेल्या. त्या रागावल्या असत्या तर मला चाललं असतं. मला फार वाईट वाटलं, आणि चूक माझीच होती हे त्याहून वाईट.

अश्विनीचे बाबा तिच्यासोबत गेले होते. त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ काढला होता, त्यात मंडपाचं छत, स्वतःचा अंगठा आणि "अगं बाई, अगं बाई" एवढंच होतं. पोरीची निवड पुढच्या शिबिरासाठी झाली, तिथे मोबाइल काढून घेतलेले. उरलं ते अ‍ॅप. त्यात सामन्यासमोर लिहिलं होतं, "पुन्हा पाहा: लवकरच." मग मी रोज सकाळी आणि संध्याकाळी खालची रांगन्‌रांग धुंडाळायची. पुठ्ठा मात्र दुप्पट चिकटपट्टी लावून पुन्हा खाली सोडला होता. तत्त्व म्हणजे तत्त्व!

चौथ्या दिवशी पुसदहून नणंदेचा फोन आला.

"जयभीम, वहिनी! काय व, अश्विनी दिसून राह्यली का तुमच्याकडं?"

"कशी दिसेल? शिबिरात आहे ती."

"अवं, टीव्हीवर! आम्ही टीव्ही लावला का पयले आपली पोरगीच येते. एवढी मोठी! तीन दिवस झाले!"

"असेल," मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं. "ती जाहिरात असेल. आमच्या टीव्हीवर जाहिरात दिसत नाही. मी..."

आणि माझी नजर पुठ्ठ्याकडे गेली.

फोन टाकून मी धावले. चिकटपट्टी निघेना, म्हणून पुठ्ठा ओरबाडून काढला, शुभेच्छुकांसकट. भुताच्या जागी आमची अश्विनी होती! पडदाभर! अ‍ॅपवाल्यांनी त्या सामन्याची जाहिरात केली होती आणि जाहिरातीत नेमकी तीच शेवटची चढाई. तीन दिवस सगळ्यांच्या घरी माझी लेक जिंकत होती. फक्त तिच्या स्वतःच्या घरात तिच्या आईनं तिला पुठ्ठ्यानं झाकून ठेवलं होतं!

"आई! आई, लवकर या!"

सासूबाई आल्या. बसल्या नाहीत, गुडघे विसरून उभ्याच राहिल्या. पडद्यावर चौघींनी अश्विनीला धरलं. एकीनं कंबर, एकीनं घोटा. पोरगी आडवी पडली, सरपटली, आणि तिची दोन बोटं मधल्या रेषेला लागली.

"बोटं पाह्य!" सासूबाई ओरडल्या. "बोटं पाह्य तिचे!" आणि माझ्या दंडाला धरून लहान पोरीसारख्या रडायला लागल्या. मीही रडले. "परत लाव."

लावायची गरजच नव्हती. ती जाहिरात होती, आपोआप परत येत होती! मी मुद्दाम रिमोटनं वर गेले, तर आवाजही आला. दिवसभर गल्लीतले लोक येत राहिले आणि अश्विनी दर अर्ध्या मिनिटाला राज्य जिंकत राहिली. सासूबाईंनी जेवणही टीव्हीसमोर केलं. "मास्तरीनबाई," त्या म्हणाल्या, "जाहिरात चांगली हाये व हे."

पाच दिवस आमच्या घरात दिवाळी होती. सहाव्या दिवशी टीव्ही लावला तर तिथे प्रेशर कुकर.

मी तडक फोन लावला. तोच गोड पोरगा.

"मॅडम, तुमची आधीची तक्रार दिसतेय. ती सुटली का?"

"ती फाडून टाका! नवी लिहा. आमची जाहिरात कुणी काढली? परत लावा. हवं तर वरचे पैसे घ्या!"

"अन् त्याले म्हना, चुना राह्यला," मागून सासूबाई.

पोरग्यानं तक्रार लिहून मला वाचून दाखवली. भाषा शुद्ध होती, लाल पेन काढायला कुठेच जागा नव्हती. नाव माझं, पत्ता माझा, आणि खाली एकच ओळ: "ग्राहकाच्या टीव्हीवर जाहिरात दिसत नाही."