अंगठ्याची टोपी

दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांच्या दवाखान्यात ती कित्येक वर्षं मदतनीस होती. कागदोपत्री तिला चांगलं नाव होतं, पण पोरं तिला अंगठेबाई म्हणत आणि डॉक्टरही तेच म्हणायला लागले होते. तारा लावायला आलेलं मूल अंगठा चोखत असेल, तर त्याला आधी तिच्याकडे धाडलं जाई. अंगठा सुटल्याशिवाय तारा लावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. डॉक्टरांनी दात मागे ओढायचे आणि अंगठ्याने रातोरात पुढे ढकलायचे. कुणाचे वरचे दात ओठाबाहेर आलेले असत, तर कुणाच्या वरच्या-खालच्या दातांत पेन्सिल आरपार जाईल एवढी फट. जीभ त्या फटीतून सारखी डोकावे आणि बोलणं बोबडं होई.

आईबाप यायचे तेच हात टेकून. "मिरची लावून झाली, रट्टे देऊन झाले. जित्याची खोड हो, मेल्याशिवाय जायची नाही." हे ऐकलं की तिचं डोकं फिरे. "पोराच्या बाबतीत मेल्याबिल्याची भाषा कशाला?" असं सुनावून ती त्यांना बाहेर बसवी. मग मुलाच्या अंगठ्यावर लोकरीची इवलीशी टोपी चढवी. "हा आता झोपलाय. झोपलेल्याला कुणी उठवतं का?" रागावणं नाही, धाक नाही. झोपेत अंगठा तोंडाकडे गेला, की जिभेला लोकर लागे आणि मुलाला आपोआप आठवण होई. बहुतेकांची सवय एवढ्यावर सुटे. नाही सुटली तर डॉक्टर टाळूला तारेची जाळी बसवत, पण ती वेळ आली की तिला आपलाच पराभव झाल्यासारखं वाटे.

या टोप्या विणायची तिची आई. उरल्यासुरल्या लोकरीतून, रेडिओ ऐकत. घरात दोघीच. लेकीचं लग्न राहून गेलं ते गेलंच. "जगाची पोरं हाताळतेस, एखादं आपलं असतं तर," असं आई एकदाच म्हणाली आणि लेकीचा चेहरा बघून पुन्हा तो विषय तिने कधी काढला नाही.

मग आईचं विसरणं सुरू झालं. आधी टाके विसरली, मग गॅस बंद करायला विसरली, मग लेकीलाच विसरली. "ओ बाई, माझी मुलगी कधी येणार?" असं लेकीलाच विचारायची. पहिले काही दिवस लेक न्हाणीघरात जाऊन रडली. नंतर "येईलच हं" म्हणायला शिकली.

एका संध्याकाळी ती कामावरून आली, तर आई खिडकीजवळच्या खुर्चीत डोळे मिटून अंगठा चोखत बसलेली. कपाळावरच्या आठ्या गेलेल्या. इतकी निवांत ती कित्येक महिन्यांत दिसली नव्हती. ते बघून लेकीला पहिल्यांदा वाटली ती लाज. जगाचे अंगठे सोडवणाऱ्या बाईच्या घरात हे! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. दुपारी आईजवळ बसणारी शेजारीण चार घरी सांगेल, हेही मनात आलं. थोड्या दिवसांनी अंगठ्याची कातडी भिजून भिजून फाटली आणि तिला आयतं कारण मिळालं. तिने आईच्या अंगठ्यावर टोपी चढवली.

"अगं, राहू दे की," परगावी राहणारा भाऊ फोनवर म्हणाला. "या वयात तिचे काय दात सरळ करायचेत?"

"कातडी फाटलीय, दादा."

"मग मलम लाव."

"मला नको शिकवूस. माझं रोजचं काम आहे ते."

भावाचं बरोबर होतं, आणि तिला ते कळत नव्हतं असंही नाही. पण आईची आठवण परत आणणं तिच्या हातात नव्हतं. अंगठा सोडवणं होतं. जे येत होतं ते ती करत सुटली.

आईने कुठल्याही पोरापेक्षा लवकर ऐकलं. थोड्याच दिवसांत टोपीचीही गरज उरली नाही. अंगठा तोंडाकडे जाऊ नये म्हणून आई तो हात मांडीखाली दाबून बसायला लागली. दिवसभर तशीच. डुलकी नाही, गुणगुणणं नाही. भरवलेला घास गालात धरून ठेवायची आणि मग थुंकून टाकायची. शेजारीण एकदा चपला घालता घालता म्हणाली, "रागावू नका, पण दुपारभर त्यांच्या डोळ्यांतून पाणी येतं हो. आवाज नाही, काही नाही. नुसतं पाणी."

तेव्हा कुठे लेकीला कळलं. मुलाचा अंगठा सोडवतात तो त्याच्या पुढच्या आयुष्यासाठी. आईला सगळं घर अनोळखी झालं होतं, त्यात तिच्या ओळखीची एवढी एकच गोष्ट उरली होती, आणि ती लेकीने काढून घेतली होती.

त्याच संध्याकाळी तिने घरातल्या टोप्या कचऱ्यात टाकल्या. आईचा हात धुतला, पुसला, अलगद ओठांपाशी नेला. आईने ओठ घट्ट मिटले. अंगठ्याला मध लावून बघितला, आईने मान फिरवली. सवय सोडवायच्या युक्त्या तिला ढीगभर येत होत्या. लावायची एकही येत नव्हती. शेवटी, केस पांढरे झालेली ती बाई आईसमोर पलंगावर मांडी घालून बसली आणि तिने स्वतःचाच अंगठा तोंडात घातला.

आईने ते बघितलं. मग पुढे वाकून तिने तो हळूच बाहेर ओढला आणि आपल्या गाऊनला पुसला.

"काढ बाळ. दात पुढे येतात."

वर्षभरात पहिल्यांदा लेक 'ओ बाई' नव्हती.

"मग तू घाल ना गं, आई. तुझा घाल. मी काही म्हणणार नाही."

"मी नाही घालत." आईने मांडीखालचा हात काढून कोरडा अंगठा तिच्यापुढे धरला. "मी सोडला." आणि अंगठा तसाच धरून ती लेकीच्या तोंडाकडे बघत राहिली. "शहाणी आहे ना मी?"

"आहेस," लेक म्हणाली. "खूप शहाणी आहेस."

आई खूश झाली. तिने हात परत मांडीखाली घातला आणि नीट दाबून बसली.