माझ्या खुन्याला आज बालपण मिळालं

मैत्रिणींनो, मी रहस्यकादंबरी लिहितेय. त्यातला खुनी भरल्या घरातून आवाज न करता निसटतो, पण हे तो शिकला कुठे, तेच सुचत नव्हतं.

आज दुपारी स्वयंपाकघरात वळून बघते, तर पाच वर्षांची ओवी मागे उभी, हातात बिस्किटं. डब्याचं स्टीलचं झाकण तिने फ्रॉकमध्ये धरून उघडलं होतं. मला चाहूलही नाही.

"अगं, कधी आलीस?"

"हळू बोल ना मम्मी, पप्पा झोपलेत."

नवरा चाकणला कंपनीत थर्ड शिफ्टला. दिवसा आमच्याकडे कुकरचीसुद्धा शिट्टी होऊ देत नाही.

माझा खुनीही अशाच घरात वाढला असणार. पहिल्यांदाच त्याला जवळ घ्यावंसं वाटलं.

मग ओवीला गच्चीवर नेलं. म्हटलं, "ओरड आता."

तिने कुजबुजत विचारलं, "किती मोठ्यांदा?"