माडीवरच्या हॉटेलातली गिऱ्हाईकं

एकाच हॉटेलात माणूस वर्षानुवर्षं जेवला, की ताटात काय होतं ते विसरतो. शेजारच्या टेबलावर काय झालं ते मात्र लक्षात राहतं. परवा देशमुखच्या नातवाचं बारसं होतं. पंगत उठली, सतरंज्या गोळा झाल्या, तरी आम्ही तिघं बसलेलोच. एकानं त्या हॉटेलातला एक किस्सा काढावा, की दुसऱ्याला दोन आठवायचे.

तिघं म्हणजे मी, पैठणचा जोशी आणि पिशोरचा देशमुख. औरंगपुऱ्यातल्या एका शाळेत आम्ही एकदमच मास्तर म्हणून लागलो. लग्नं व्हायची होती, स्वयंपाक कुणालाच येत नव्हता. गुलमंडीच्या रस्त्याला एका कापड दुकानाच्या वर एक हॉटेल होतं, तिथं दोन्ही वेळचं जेवण. पाटीवर नाव कुठल्याशा देवीचं, पण सगळे त्याला ‘माडीवरचं’ म्हणायचे. मालक बाबूराव गल्ल्यावर, आणि वाढायला खालेदभाई. उंच, सडपातळ माणूस, आणि चेहरा असा, की तो विनोद करतोय की खरं बोलतोय हे कधी कळलं नाही.

पहिल्याच दिवशी जोशीनं ऐटीत मेनूकार्ड उघडलं. “पालक पनीर?”

“नहीं है साब.”

“मटर पनीर?”

“वो भी नहीं है.”

जोशीनं पान उलटलं. कोफ्ता नव्हता, कुर्मा नव्हता. होती ती भाकरी, येसराची आमटी आणि बटाट्याची भाजी. जोशी वैतागला. “फिर ये सब छापा किसलिए है?”

खालेदभाईंनी शांतपणे टेबल पुसलं. “पढे-लिखे लोगां आते ना साब. खाना आए तक उनको कुछ पढने को होना.”

*

एकदा देशमुखचे चुलते पिशोरहून आले. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. विहिरीवरचा पंप दुरुस्तीला टाकला होता, तो मिळेपर्यंत वेळ घालवायचा म्हणून देशमुख त्यांना माडीवर घेऊन आला. बाबूरावांनी त्याच आठवड्यात ‘पोटभर थाळी’ सुरू केली होती. एकदा ताट घेतलं, की हवं तेवढं खा.

“हवं तेवढं म्हंजी?” आबांनी नीट विचारून घेतलं.

“म्हणजे पोट भरेपर्यंत,” देशमुख म्हणाला.

आबांनी पटका काढून मांडीवर ठेवला आणि सुरुवात केली. घाई नाही, गडबड नाही. भाकरी चुरायची, आमटी ओतायची, कांदा फोडायचा. खालेदभाईंच्या आतबाहेर चकरा सुरू झाल्या. आतून आचारी एकदा डोकावून गेला, मग पुन्हा डोकावून गेला. आमचं जेवण होऊन हात वाळले. आबा अजून भातावर आले नव्हते.

शेवटी बाबूराव गल्ला सोडून आले आणि आबांच्या समोर बसले. अगदी आदबीनं म्हणाले, “काका, गाव कोणतं आपलं?”

“पिशोर.”

“लांब आहे. मग परत जायला गाडी किती वाजता?”

आबांनी पुढची भाकरी मोडली. “आज मुक्कामी हाय. रातच्याला बी इथंच येऊ.”

*

जोशीचं लक्ष ताटात कमी आणि गप्पांत जास्त. एका संध्याकाळी गर्दी होती म्हणून आमच्याच टेबलाच्या कडेला एक वयस्कर जोडपं बसलं होतं. गृहस्थांनी गुलाबजाम मागवले होते. तेवढ्यात लाइट गेली. जोशी अंधारातही बोलत होता आणि खातही होता.

लाइट आली तेव्हा गृहस्थांची वाटी रिकामी होती आणि चमचा जोशीच्या हातात. जोशीनं घाईनं चमचा खाली ठेवला. “माफ करा, मला वाटलं आमच्याच...” एवढंच त्याला सुचलं. आम्ही तर गुलाबजाम मागवलेच नव्हते.

गृहस्थ काही बोलणार, त्याआधी त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “माफी कसली मागता? ह्यांना डॉक्टरांनी गोड बंद केलंय. उद्या याच वेळेला याल का?”

*

माडीवर एका बाजूला पडदे लावलेले खण होते, त्याला फॅमिली रूम म्हणायचे. मुलगी बघायचे कार्यक्रम तिथं पुष्कळ व्हायचे. एका रविवारी एक मुलगा आणि त्याची आई आली. मुलगा चिकलठाण्याला कारखान्यात इंजिनिअर. मध्यस्थानं एवढंच कळवलेलं, की वैजापूरची मंडळी फॅमिली रूममध्ये बसलेली असतील, मुलीनं निळी साडी नेसलेली असेल.

आईनं एक पडदा सारला. आत निळ्या साडीतली मुलगी, आईवडलांबरोबर. नमस्कार करून दोघं आत बसली. ही मंडळी खरं तर मुलीला बी.एस्सी.ला फर्स्ट क्लास मिळाला म्हणून बाहेर जेवायला आली होती. पण वडील भिडस्त. त्यांना वाटलं बाहेर जागा नसेल. “बसा की,” म्हणाले.

नाव विचारून झालं, शिक्षण झालं. आम्ही पडद्याच्या अलीकडेच होतो, सगळं ऐकू येत होतं. मग मुलाच्या आईनं विचारलं, “स्वयंपाक येतो का?”

मुलगी म्हणाली, “येत असता तर हॉटेलात कशाला आलो असतो?”

“आमच्याकडं सकाळी बारा माणसांच्या भाकरी असतात.”

“मग तुम्ही एखादी बाई का ठेवत नाही?”

तेवढ्यात मध्यस्थ धापा टाकत जिना चढून आला आणि पडद्यात डोकं घालून म्हणाला, “वैजापूरचा निरोप आलाय, त्यांना हे स्थळ करायचं नाही. पण तुम्ही इथं कुणाबरोबर बसलाय?”

मुलाच्या आई उठल्या नाहीत. मुलीकडं बघत म्हणाल्या, “त्यांनी नाही म्हटलं ते बरंच झालं. आता मला इथलं विचारून घेऊ द्या.”

“आधी मला विचारा,” मुलगी म्हणाली.

तेव्हा तो इंजिनिअर पहिल्यांदा बोलला. “मी विचारू?”

पुढच्या उन्हाळ्यात त्यांचं लग्न झालं. भाकरीला बाई ठेवली.

*

वैद्यबाई मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त झाल्या, पाठोपाठ यजमान गेले. खडकेश्वरला एकट्या राहायच्या आणि दुपारी माडीवर जेवायला यायच्या. पहिला घास घेतला, की हाक. “बाबूराव, ही आमटी आहे का गंगेचं पाणी?” बाबूराव उठून यायचे, मग आमटीवर सविस्तर चर्चा. त्यांना बघून बाकीची गिऱ्हाईकं दबून जेवायची.

पुढं आचारी बदलला. परभणीचा नवा माणूस आला आणि त्याच्या हाताला खरंच चव होती. बाईंनी घास घेतला. काही बोलल्या नाहीत. जेवल्या, हात धुतले, गेल्या. दुसऱ्या दिवशीही तसंच. मग यायच्याच बंद झाल्या.

बाबूरावांना चैन पडेना. त्यांनी खालेदभाईंना घरी चौकशीला पाठवलं. बाई ठणठणीत होत्या. म्हणाल्या, “घरात दिवसभर माझ्याशी कुणी बोलत नाही, खालेद. तिथं निदान आमटीवरून बोलणं व्हायचं. चांगली आमटी खाऊन गप्प परत यायचं, त्यापेक्षा घरीच खिचडी टाकते.”

खालेदभाईंनी आल्यावर हे जसंच्या तसं सांगितलं. मग बाबूराव स्वतः जाऊन त्यांना बोलावून आले, आणि आचाऱ्याला सांगून ठेवलं, “बाईंच्या वाटीत मीठ घालू नको.”

दुपारी बाई आल्या. घास घेतला. चमचा खाली ठेवला. “बाबूराव, इकडं या.”

बाबूराव आरोपीसारखे समोर जाऊन उभे राहिले. मिठावरून बोलणं इतकं लांबलं, की आमटी गार झाली. मग गार आमटीवरून परत पहिल्यापासून.

*

देवगाव रंगारीचे दोघं भाऊ होते, बापू आणि नाना. जमिनीच्या वाटणीवरून कोर्टात केस. तारखेला दोघं एकाच एसटीनं यायचे, एक पुढं बसायचा, एक मागं. जेवायला दोघंही माडीवरच. थोरले बापू खिडकीशी, नाना बेसिनजवळ, एकमेकांकडं पाठ करून. बोलणं कधीच बंद झालेलं.

एका तारखेला बापूंच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसऱ्या डोळ्यानंही अंधूकच दिसायचं. खालेदभाईंनी ताट ठेवलं. बापूंनी भाकरी मोडली आणि भाजीच्या वाटीकडं हात नेला.

नाना बेसिनवर हात धूत होते. तिथूनच म्हणाले, “ओ भाई, त्या वाटीत वांगं हाय. त्यांना वांगं चालत नाय. अंगभर गांधी उठत्यात.”

बापूंचा हात तिथंच थांबला. मागं न बघता म्हणाले, “भाई, त्याला म्हनावं, माझ्या ताटावर नजर ठिवायला बी वकील लावलाय का?”

“त्यांना म्हनावं, लहानपनी गांधी उठल्यावर अंगाला गेरू मी लावत व्हतो. वकील नाय.”

खालेदभाई दोघांच्या मध्ये पाण्याचा जग घेऊन उभे. मान एकदा इकडं, एकदा तिकडं.

बापूंनी वाटी चाचपली आणि बाजूला सारली. ठेच्याशी भाकरी खाल्ली. अर्धी झाल्यावर म्हणाले, “भाई, ही वाटी त्याला द्या. त्याला लई आवडतं वांगं.”

खालेदभाईंनी वाटी नेऊन दिली. नानांनी ती पुसून खाल्ली.

दुपारी दोघं कोर्टात गेले आणि एकमेकांविरुद्ध बोलले. त्यांच्यातल्या एकाचा वकील देशमुखच्या ओळखीचा होता, त्यानंच सांगितलं. पुढची तारीख पडली.

त्या तारखेला बापू आधी आले. नेहमीसारखे खिडकीशी बसले, बेसिनकडं पाठ करून. पट्टी अजून होतीच. खालेदभाईंनी पाणी ठेवलं. “क्या लाऊं, बापू?”

बापूंनी मान वळवली नाही. जिन्याकडं कान देऊन बसले.

“दम धरा जरा,” म्हणाले. “तो चढतोय.”