घराण्यातला शेवटचा

यातलं अर्धं माझ्या बायकोला ठाऊक आहे. उरलेलं अर्धं आजवर कुणाच्याच कानावर गेलेलं नाही. तेच सांगायला बसलोय. देशोदेशी भाषणं ठोकणारा माणूस मी, आणि तुमच्यासमोर ततपप होतंय.

बायकांच्या चामड्याच्या पर्स विकतो मी. साध्यासुध्या नव्हेत, एका पर्सच्या पैशात आमच्याकडं भोकरच्या बाजारात मोटारसायकल येईल अशा. विमानतळांवर दुकानं आहेत. काचेच्या आत एकेक पर्स ठेवलेली, देवघरात मूर्ती ठेवावी तशी. आता या धंद्यातली गंमत ऐका. चामडं चार जणांकडं चांगलं मिळतं, शिलाईही मिळते. गिऱ्हाईक पैसा मोजतं तो घराण्यासाठी. आजोबा कोण? पणजोबा कोण? किती पिढ्यांची विद्या?

माझे आजोबा मुदखेड स्टेशनवर हमाल होते. वडील नांदेडला एका टपरीत रेक्झिनची दफ्तरं शिवायचे. ते लवकर गेले, मग त्याच टपरीत माझा थोरला भाऊ बसला — अण्णा. दफ्तराची चेन बदल, बॅगेचा तुटका पट्टा शीव, हेच त्याचं काम. मला मशीनवर बसवलं ते त्यानं. एकदा बोटात सुई घुसली, मी भोकाड पसरलं, तर माझं बोट चिंधीत गुंडाळत म्हणाला, "रडतो कशाला येड्या, मशीनला तू आवडलास." असा माणूस. मला चामड्याचं काम शिकायला कानपूरला पाठवलं आणि स्वतः जन्मभर टपरीतच बसला.

हे घराणं काचेच्या आत ठेवता आलं असतं का? मला वाटलं, नाही.

म्हणून मी दुसरं रचलं. आजोबा निजामाच्या घोड्यांची खोगिरं शिवायचे — ही थाप मी पहिल्यांदा मुंबईत एका मासिकाच्या बाईंपुढं मारली. बाईंचे डोळे चमकले, मला चेव आला. म्हणालो, ही विद्या आता माझ्यापाशीच उरली. भाऊबंद कुणी नाहीत. मी घराण्यातला शेवटचा. आणि हा 'शेवटचा' काय खपला म्हणता! जाहिरातीत तोच, खोक्यावर तोच. त्या गोष्टीत अण्णाला जागा नव्हती, हे मला बोलता बोलताच कळत होतं. कळत होतं, हेच तर सांगतोय. न कळता झालं असतं तर चूक म्हणता आली असती.

अण्णानं ते वाचलं. हसत हसत फोन केला, "काय साहेब, आम्हाला मारलंच की तुम्ही!"

मीही हसलो. म्हणालो, अरे, धंद्यासाठी बोलावं लागतं.

"असू दे, असू दे," म्हणाला. "लई मोठा हो."

पुढं त्या बाईंना माझं मूळ गाव बघायचं होतं. टाळून टाळून किती टाळणार? फोटोवाल्याला घेऊन मुदखेडला आल्या. आमच्या घराच्या दारात अण्णा, इस्त्रीचा शर्ट घालून उभा. बाईंनी विचारलं, "हे कोण?"

केवढा सोपा प्रश्न! एक शब्द तोंडातून काढायचा होता — भाऊ. मी मोबाईलमध्ये बघितलं. मोबाईल बंद होता, आणि त्या काळ्या काचेत मी बघून राहिलो होतो. अण्णा माझ्याकडं बघत थांबला. मग बाईंना म्हणाला, "मी शेजारचा हाय. साहेबांकडं पाव्हणे आले म्हणून चहापाणी बघायला आलो."

आणि स्वतःच्याच घरात त्यानं परक्यासारखी चप्पल बाहेर काढून, अंग चोरून सगळ्यांना चहा दिला. मलाही दिला. मी घेतला. साखर जास्त झाली, असंही म्हणालो — काहीतरी बोलायचं म्हणून. वैनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्याच नाहीत.

त्या दिवसानंतर अण्णानं मला साहेब म्हणून चिडवणं सोडलं. नुसतं साहेब म्हणायला लागला.

गेल्या वर्षी तो गेला. टपरीतच छातीत कळ आली. त्याला मूलबाळ नव्हतं. म्हणजे अग्नी मी द्यायचा, डोकं मी भादरून घ्यायचं. आणि माझं दुबईचं नवं दुकान उघडायला आलेलं, जाहिरातीत सगळीकडं माझाच चेहरा. टक्कल करून तिथं गेलो तर विचारणार नाहीत, घरात कोण गेलं? स्मशानात न्हाव्यानं वस्तरा काढला. "मयताचे भाऊ कोण हायेत? म्होरं बसा."

सगळं मुदखेड माझ्याकडं बघून राहिलं होतं. मी म्हणालो, डोक्याच्या कातडीचा आजार आहे, डॉक्टरांनी वस्तरा लावू नका म्हटलंय. लातूरच्या बहिणीचा मुलगा पुढं होऊन बसला. अग्नी त्यानंच दिला.

इथवर बायकोला ठाऊक आहे.

दहाव्याला मी दुबईत होतो. सुतकात फीत कापायला उभा, केस नीट विंचरलेले. फोन आला म्हणून बाजूला झालो. भाचा होता, नांदेडला गोदावरीच्या घाटावरून. तुम्हाला माहीतच आहे, पिंडाला कावळा शिवला नाही की माणसाचा जीव कुठंतरी अडकला असं आपण धरतो, आणि काय राहिलं असेल ते पुरं करतो म्हणून एकेकानं सांगायचं असतं.

"मामा, लई येळ झाला, कावळा शिवना झालाय. समद्यांनी बोलून बघितलं. मामी म्हणत्यात, तुम्ही बोला. मी फोन पिंडापाशी धरतो. जास्त न्हाई — अण्णा, मी तुझा भाऊ बोलतोय, एवढंच म्हणा."

मग नुसता वारा. कावळे ओरडत होते. आणि माझ्या कोपराला कोपर लागेल इतक्या जवळ त्या मासिकाच्या बाई, दुकानाची बातमी करायला आलेल्या, येऊन उभ्या राहिल्या होत्या — मराठीच त्या, शब्द न् शब्द कळला असता.

"धरलाय मामा, बोला."

मागून वैनींचा आवाज आला, "बोला ना भाऊजी."

बोलायचं होतं हो मला. खरंच बोलायचं होतं. मुदखेडला त्यानंच मला वाचवलं होतं. आता वाचवायला तो नव्हता. बाई माझ्याकडं बघत होत्या.

"हॅलो?" मी म्हणालो. "हॅलो, कोण बोलतंय? आवाज येत नाही." आणि फोन बंद केला.

आवाज स्वच्छ येत होता. वाऱ्याचा, कावळ्यांचा, वैनींचा. फोन पिंडापाशीच धरलेला होता, म्हणजे मी जे बोललो ते अण्णालाच बोललो. कावळा शेवटी शिवला की नाही, हे मी अजून कुणाला विचारलेलं नाही.