गोड बोलण्याची तक्रार

इंटर्नशिपच्या वर्षी मला वेड मेंदूचं होतं आणि काम मेंदू सोडून बाकी सगळ्याचं. रक्त काढायचं, ते लॅबमध्ये पोचवायचं, रिपोर्टसाठी तिथल्या खिडकीशी ताटकळायचं आणि पेशंटनं विचारलं की डॉक्टर येतायत म्हणून सांगायचं. डॉक्टर मीही होते, पण ते पेशंटना पटत नसे, आणि मलाही फारसं नाही. एप्रनच्या खिशात मात्र रिफ्लेक्स बघायची हातोडी कायम असायची. कोथरूडला घरी जाताना सिग्नलला थांबले की पुढच्या स्कूटरवाल्याची मान थरथरतेय का, ते मी बघत बसे. मागचे लोक हॉर्न वाजवत.

वॉर्डातले आमचे सीनियर रेसिडेंट या वेडाला कंटाळले होते. "मॅडम, मेंदू कवटीत सुरक्षित आहे," ते म्हणायचे. "खिडकीजवळच्या आजोबांचं सलाइन संपलंय, ते बघा."

अशात एका सकाळी बिबवेवाडीचे एक काका ॲडमिट झाले. स्टेशनरीचं दुकान होतं त्यांचं, वय साठीच्या पुढे. बरोबर मुलगा आणि काकू. माहिती लिहून घ्यायचं काम माझ्याकडे आलं, कारण सीनियरांच्या मते या केसमध्ये काही नव्हतं.

"काय त्रास होतोय?" मी काकांना विचारलं.

"काहीच नाही," काका प्रसन्न हसले. "तुम्ही बसा ना. केव्हाच्या उभ्या आहात. चहा झाला का?"

त्या वॉर्डात तोवर मला कुणी बसा म्हणालं नव्हतं. मी बसले.

"हाच त्रास आहे," मुलगा म्हणाला. "बाबा जन्मात कधी असं बोललेले नाहीत. गिऱ्हाइकानं दुसरा रंग दाखवा म्हटलं की 'पेन घ्यायचंय की साडी?' असं विचारणारा माणूस. आता येईल त्याला खुर्ची देतात, जाईल त्याला रस्त्यापर्यंत पोचवायला जातात. परवा शेजारचे आजोबा गेले, तर तिथे जाऊन सगळ्यांना हसत म्हणाले, छान जमलात."

काकू पिशवी मांडीवर घेऊन बसून होत्या.

सीनियरांनी सगळं ऐकून घेतलं. "पुण्यातला दुकानदार गोड बोलायला लागला, तर त्याला आजार कसं म्हणायचं? वयानं माणूस निवळतो. थायरॉइड बघू, बी-ट्वेल्व्ह बघू आणि सोडू."

मुलगा ओशाळून हसला. मला मात्र राहवेना. मेंदूच्या पुढच्या भागावर दाब आला की स्वभाव बदलतो, आणि वासाची नस त्या भागाच्या अगदी खालून जाते, एवढं मला पाठ होतं. कँटीनमधून कॉफीची पुडी आणली. काकांना डोळे मिटायला सांगितले, एक नाकपुडी दाबली आणि दुसरीखाली पुडी धरली.

"कसला वास येतोय?"

"छान आहे."

"कसला पण?"

"तुम्ही म्हणाल तो," काका म्हणाले. दुसऱ्या नाकपुडीचंही उत्तर तेच.

तेव्हा काकू पहिल्यांदा बोलल्या. "दूध करपलं तरी कळत नाही त्यांना हल्ली. मला वाटायचं, लक्ष नसेल."

मला इतका आनंद झाला की सांगायला संकोच वाटतो. एका माणसाची वासाची जाण गेली होती, आणि मी पेढे वाटायला निघाल्यासारखी सीनियरांकडे पळाले. त्यांनी ऐकलं, पुडी आपल्या खिशात घातली आणि स्कॅन लिहून दिला. "निदान कॉफी तरी मिळाली," म्हणाले.

स्कॅनमध्ये कपाळाच्या मागे मोसंबीएवढी गाठ निघाली. कॅन्सरची नव्हती, हळूहळू वाढलेली होती, काढता येण्यासारखी होती. राउंडला मोठ्या सरांनी कौतुकानं विचारलं, "हे कुणी पकडलं?" सीनियर म्हणाले, "आम्ही." मी मागे फाइली धरून उभी होते. काकांना गाठीचं सांगितलं, तर ते मलाच समजवायला लागले, "असू दे. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

ऑपरेशन नीट पार पडलं. काही दिवस काका गुंगीत होते. मग एका सकाळी मी रक्त काढायला गेले आणि शीर चुकली.

"शिकताय का?" काका म्हणाले. "शिका. पण दुसऱ्या कुणाच्या हातावर शिका. हा मला लागतो."

एवढा आनंद मला कुठल्याच अपमानानं दिलेला नाही. मुलानं तिथूनच घरी फोन लावला. सीनियर मुद्दाम काकांशी बोलायला गेले आणि समाधानानं परत आले.

टाके काढायला ते ओपीडीत आले, तेव्हा मुलगा काकांना घेऊन आत गेला. काकू बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. मला बघून त्यांनी बाजूला जागा केली.

"एक विचारू?" त्या हळूच म्हणाल्या. "त्या दिवसांत ते मला रोज विचारायचे, जेवलीस का म्हणून. मी चादर वाळत घालत असले की येऊन दुसरं टोक धरायचे. लग्नाला इतकी वर्षं झाली, असं कधी नव्हतं. ते त्या गाठीमुळेच का हो?"

माझा आवडता विषय निघाला होता. मी उत्साहानं सांगितलं, मेंदूचा पुढचा भाग ब्रेकसारखा असतो, गाठीनं तो ढिला झाला होता, आता पुन्हा लागतोय.

काकूंनी लक्ष देऊन ऐकलं. "म्हणजे ब्रेक ढिला झाल्यावर जे बाहेर आलं, ते आतलंच होतं ना?"

"तसं खात्रीनं सांगता येत नाही, काकू."

"हरकत नाही," त्या म्हणाल्या. "मी तसंच समजते."

काका बाहेर आले. "इथे गप्पा मारायला आलोय का आपण? रिक्षा खोळंबलीय." काकूंनी पिशवी उचलली, मला "येते हं" म्हटलं आणि त्यांच्या मागोमाग निघाल्या.

मी आता न्यूरोलॉजीचीच तयारी करतेय. तेव्हा वाटलं होतं, काकूंचा प्रश्न कुणा जाणत्याला विचारून त्यांना फोन करावा. मोठ्या सरांना विचारलंही. ते म्हणाले, प्रश्न चांगला आहे. फोन राहूनच गेला.