हिरवी विकायची की लाल

नव्वदच्या दशकात नाशिकमध्ये जुन्या विलायती स्पोर्ट्स कार माझ्या माहितीत दोनच होत्या. हिरवी, इंग्लिश, उघड्या टपाची, ती माझी; वडिलांकडून आलेली. लाल इटालियन गाडी देवळाली कॅम्पात राहणाऱ्या एका निवृत्त मेजरांची. मी त्यांना काका म्हणायचे. रविवारी सकाळी आम्ही त्र्यंबक रस्त्याला गाड्या काढायचो आणि मग मिसळ खात भांडायचो.

"तुझी गाडी म्हणजे ट्रॅक्टर. क्लच दाबायला पैलवान लागतो," काका म्हणायचे.

"आणि तुमची? ढग दिसले तरी गंजते!"

एका रविवारी मुंबईहून जुन्या गाड्या जमवणारे एक गृहस्थ आले. दोन्हींपैकी एक त्यांना घ्यायची होती. आम्हाला विकायची नव्हती, पण इतक्या लांबून आलेल्या माणसाला तोंडावर नाही कसं म्हणायचं?

मीच सुरुवात केली. "लाल घ्या. इंजिन छोटं आहे, पण वळणावर रस्ता सोडत नाही. आणि ताणली की असं गाते, की ऐकत राहावं."

काका चमकून माझ्याकडे बघायला लागले. मग घाईघाईने म्हणाले, "छे, छे! हिरवीच घ्या. कसारा घाट हसत चढते. बिघडली तर पाना-स्क्रूड्रायव्हर घेऊन रस्त्यातच दुरुस्त करता येते. माझी रुसली की एकेका पार्टसाठी महिनोन्‌महिने थांबावं लागतं."

पाहुण्यांनी दोन्ही गाड्या चालवून पाहिल्या. उतरले ते हसतच. "तुम्ही दोघं एकमेकांची गाडी विकताय," ते म्हणाले. "तुमची कुणाचीच विकायची नाही, असंच ना?"

आम्ही ओशाळून माना डोलावल्या. त्यांनी आमच्याबरोबर दोन प्लेट मिसळ खाल्ली आणि आले तसे परत गेले.

ते गेल्यावर काका हळूच म्हणाले, "खरंच गाते का गं?"

"खरंच. आणि माझी घाट खरंच हसत चढते?"

"म्हणून तर इतकी वर्षं जळतोय!" असं म्हणत त्यांनी स्वतःची किल्ली माझ्यासमोर ठेवली आणि माझ्या किल्लीसाठी हात पुढे केला.

त्या दिवशी मी लाल गाडी देवळालीपर्यंत नेली, तीही लांबच्या रस्त्याने. काका माझ्या हिरवीत पुढे होते, टप उघडा टाकून, आणि उन्हात त्यांचे पांढरे केस भुरभुरत होते.