बिनधारेची तलवार

"हात फिरवा," असं म्हणत मिस्त्री तलवारीचं पातं समोरच्यापुढे धरायचे. माणूस बिचकायचा. मग ते स्वतःचाच तळहात पात्यावरून मुठीपासून टोकापर्यंत ओढून दाखवायचे. "धारच न्हाई. भ्यायचं कावून?"

आमच्या सहकारी साखर कारखान्यात ते वर्कशॉपला होते, मी स्टोअरला. लागोपाठ दुष्काळ पडले, ऊस उरला नाही, गाळप थांबलं. मशिनांना तेल घालायला आम्ही चार-पाच जण तेवढे मागं राहिलो.

मिस्त्रींची लेक अंबाजोगाईला कॉलेजात शिकायची. एका सुट्टीत तिनं जाडजूड इंग्रजी कादंबरी आणली. सगळं कल्पनेतलं राज्य; आटलेली नदी शोधायला निघालेली एक राणी. दुपारी लेक ती मराठीत सांगायची, बाप ऐकायचा. राणीच्या तलवारीपाशी बाप अडला.

"मूठ किती वजनाची, लिवलंय का?"

"न्हाई, बाबा."

"मग लिवणाऱ्यानं तलवार हातात धरलीच न्हाई बघ."

पुस्तकात तलवारीवर तीनच ओळी होत्या. बाकीचं मिस्त्रींनी भरलं. ट्रकच्या कमानीचा मोडका पाटा तापवून पातं केलं: मुठीजवळ निमुळतं, मध्ये रुंद, पुन्हा टोकदार, बाभळीच्या शेंगेसारखं नव्हे, लिंबाच्या पानासारखं. मधोमध वाकडीतिकडी खाच, तीच आटलेली नदी. मुठीला तांब्याची तार, मुठीच्या तळाशी बियाचा आकार कोरलेला गोळा.

लेकीनं फोटो काढून मैत्रिणींना पाठवले. मग पुण्याहून, हैदराबादहून मागण्या यायला लागल्या. असली पुस्तकं वाचणाऱ्यांना त्यातली तलवार भिंतीवर हवी असते, हे आम्हाला नवीनच होतं. मिस्त्री फोनवर एकच सांगायचे, "आदी गोष्ट सांगा, मग माप." कधीकधी गोष्ट तासभर चालायची. ते लेथला टेकून उभे, डोळे मिटलेले.

एक दिवस संचालक वर्कशॉपात आले. त्यांच्या परवानगीवरच मिस्त्री तिथं काम करत होते.

"मिस्त्री, एक आमालाबी करा. पुतण्याचा वाढदिवस हाय. केक कापायचा, मिरवणुकीत धरायची. पण धार लावून."

"केक चमच्यानंबी तुटतो की, साहेब."

मी हसलो. संचालक हसले नाहीत.

"धार पायजे."

"मग माझ्या हातून न्हाई व्हायची," मिस्त्री म्हणाले आणि पुन्हा कानस घासायला लागले.

चौथ्या दिवशी मला संचालकांचा निरोप आला, मिस्त्रींकडून वर्कशॉपची किल्ली काढून घ्या. काहीतरी बोलावं असं मला वाटलं होतं. पण किल्ली मागायला गेलो. मीही तिथलाच नोकर.

मिस्त्रींनी किल्ली देण्याआधी लेथ पुसला. "ग्रीस लावून ठिवलंय. पाऊस झाला, गाळप सुरू झालं, तर आदी पुसून घ्या. न्हाईतर कचरा धरतंय." माझ्यावर राग असावा असं त्यांच्या बोलण्यात कुठंच नव्हतं. तेच मला जड गेलं.

पुण्याकडं एका कारखान्यात काम मिळालं म्हणून ते निघाले, तेव्हा मी युसूफ वडगावच्या एसटी स्टँडवर गेलो होतो. शेवटची तलवार त्यांनी बायकोच्या जुन्या लुगड्यात गुंडाळली होती. एसटीत खिडकीशी बसलेल्या म्हातारीनं सरकून जागा दिली.

"वीणा हाय का बाबा? दमानं ठिवा."

मिस्त्रींनी गुंडाळी मांडीवर आडवी घेतली.

"व्हय, मावशी," ते म्हणाले, "तसंच हाय कायतरी."